पूर्ण नाव सांगा!



आमच्या सिल्व्हर पार्कात हल्ली रविवारची दुपार घरच्या टीव्हीपुढेच जाते. चौघांच्या कुटुंबाने थिएटरात जायचे म्हणजे तिकीट, रिक्षा आणि मध्यंतरातले खाणे मिळून आठवड्याच्या बाजाराचे पैसे होतात! तेव्हा चित्रपट घरी येईपर्यंत आम्ही वाट पाहतो. असे वाट पाहून गेल्या काही रविवारी आम्ही तीन चित्रपट पाहिले : 'फुले', 'धडक २' आणि 'होमबाऊंड'. तिन्ही २०२५ सालचे. आम्ही काही समीक्षक नव्हेत. जे वाटले ते सांगतो. शेवटही सांगून टाकणार आहोत, त्याबद्दल राग नसावा.

आधी 'फुले'. अनंत महादेवन यांनी तो काढला. प्रतीक गांधी जोतीराव झाले आहेत आणि पत्रलेखा सावित्रीमाई. चित्रपट संथ आहे, कुठे कुठे व्याख्यान ऐकल्यासारखे वाटते. तरी घरातल्या आयाबहिणींनी आणि मुलींनी एकदा पाहावाच. मात्र पडद्यावर दिसले त्यापेक्षा, जे काढून टाकले त्याचाच विचार आमच्या डोक्यात जास्त राहिला. ११ एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीदिनी येणारा हा चित्रपट २५ एप्रिलला आला. सेन्सॉर बोर्डाने त्यातले 'महार', 'मांग', 'पेशवाई' असे शब्द वगळायला लावले होते. ज्यांच्या लेकरांसाठी जोतीराव-सावित्रीमाईंनी शाळा काढल्या, त्यांचे नावच उच्चारायचे नाही! आणि याच फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीने १८५५ साली मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. एका शाळकरी पोरीने तेव्हा जे नाव उघड लिहिले, ते आज पडद्यावर चालत नाही. याला काय म्हणावे?

पुढचे दोन्ही चित्रपट पाहताना हा नावाचा धागा आमच्या हातून सुटला नाही.

'धडक २' हा शाझिया इक्बाल यांचा. मारी सेल्वराज यांच्या 'परियेरुम पेरुमाल' या २०१८ सालच्या तमिळ चित्रपटावरून तो घेतला आहे. नायक नीलेश अहिरवार वकिलीच्या कॉलेजात जातो. वर्गात हुशार, पण आडनाव विचारले की कचरतो. कॉलेजात त्याचा अपमान होतो, बापाची विटंबना होते. शेवटी तो मान वर करून उभा राहतो आणि मुख्य म्हणजे जिवंत राहतो. आम्हाला हे फार आवडले. एक मात्र रुचले नाही. नायकाचा चेहरा रंग लावून काळवंडलेला दाखवला आहे. आपली माणसे ओळखायची ती रंगावरून काय? आपल्याच वस्तीत फिरून पाहा, सगळ्या रंगांची माणसे भेटतील.

'होमबाऊंड' नीरज घेवान यांचा. चंदन आणि शोएब हे दोन जिवलग मित्र, एक दलित, एक मुसलमान. दोघांनाही पोलीस शिपाई व्हायचे आहे. अंगावर वर्दी चढली की कोणी नाव विचारणार नाही, एवढीच आशा. चंदन स्वतःला 'चंदन कुमार' म्हणवतो, वाल्मीकी हे आडनाव गिळून टाकतो. अर्जावर राखीव जागेचा रकानाही त्याला भरवत नाही. आम्ही कारकुनी करणारी माणसे, दिवसभर रकानेच भरतो. एका लहानशा चौकोनापुढे माणसाचा हात का थबकतो, हे आम्हाला कोणी समजावून सांगायला नको. पुढे २०२० ची टाळेबंदी येते, दोघे मित्र गावाकडे निघतात आणि चंदन वाटेतच जातो. त्याच्या आईकडे पाहून आमच्या घरात कोणाचे डोळे कोरडे राहिले नाहीत.

पण डोळे पुसल्यावर आम्ही विचारले, आपली मुले पडद्यावर मरण्यासाठीच जन्माला येतात काय? १९३६ साली बॉम्बे टॉकीजने 'अछूत कन्या' काढला. मीरा रोडहून चर्चगेटची लोकल धरली की मालाड लागते, तिथेच त्यांचा स्टुडिओ होता. देविका राणीने केलेली कस्तुरी ही रेल्वेच्या फाटकवाल्याची लेक. ती शेवटी गाडीखाली जाते आणि प्रेक्षक रुमाल काढतात. १९५९ साली बिमल रॉय यांचा 'सुजाता' आला. त्यात नूतन जगते, पण वाढवणाऱ्या आईला स्वतःचे रक्त दिल्यावरच ती त्या घरची लेक ठरते. म्हणजे एक तर मरा, नाही तर रक्त देऊन चांगुलपणा सिद्ध करा! २०१६ च्या 'सैराट'मध्ये नागराज मंजुळे यांनीही शेवटी आर्ची-परशाला मारले. पण ते रडू आणण्यासाठी मारले नाही, मारणाऱ्यांचे हात दाखवण्यासाठी मारले. हा फरक मोठा आहे. त्याआधी 'फँड्री'तल्या जब्याने दगड भिरकावला तो थेट आपल्या दिशेने. आणि २०२२ च्या 'झुंड'मध्ये नागपूरच्या झोपडपट्टीतली पोरे बाबासाहेबांची जयंती वाजतगाजत करतात, फुटबॉल खेळतात आणि विमानात बसतात. त्यातली आदिवासी मोनिका आपण कोण हे सिद्ध करणाऱ्या कागदासाठी दारोदार हिंडते, पण हरत नाही.

तेव्हा आम्ही एक साधे माप ठरवले आहे. आपला म्हणवणारा चित्रपट पाहिला की दोन प्रश्न विचारायचे. नायकाने आपले पूर्ण नाव सांगितले का? आणि सांगून तो जगला का?

आता हेच माप घरात लावून पाहू. एखादी मुलगी नव्या नोकरीला लागते. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जाते आणि ऑफिसात सांगते, 'बरे नव्हते.' एखादा मुलगा भाड्याने खोली बघायला जातो. 'पूर्ण नाव काय?' असा प्रश्न आला की वडिलांच्या नावावरच थांबतो. अशा मुलांना आम्ही भित्री म्हणणार नाही. घरभाडे आणि नोकरी या पोटाच्या गोष्टी आहेत. लाज वाटायची असेल तर नाव विचारून दार लावणाऱ्याला वाटावी. पण आपण घरातल्या घरात तरी या भीतीबद्दल बोलतो का? बहुतेक घरांत बोलणे होत नाही. मूल एकटेच अडखळायला शिकते.

कोकणात मंडणगड तालुक्यात आंबडवे नावाचे लहानसे गाव आहे. त्या गावावरून आलेले आडनाव एका मुलाच्या नावापुढे शाळेच्या पटावर लागले आणि आज ते देशाच्या संविधानाशी जोडलेले आहे. नावाला मोठेपणा माणूस देतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला दिलेली ओळख तर सांगण्यासाठीच दिली, दडवण्यासाठी नव्हे.

म्हणून एक सुचवतो. येत्या रविवारी 'धडक २' किंवा 'होमबाऊंड' मुलांसोबत बसून पाहा. संपल्यावर लगेच टीव्ही बदलू नका. 'तुला कधी कोणी असे विचारले का?' एवढेच विचारा आणि मग मुलाला बोलू द्या. उपदेश नंतर करता येईल. त्या पोराने कुठे काय गिळले ते आईबापांना कळले, तर पुढच्या वेळी उत्तर देताना ते एकटे नसेल.

बघा, पटते का! जयभीम.