विश्लेषण : कापूर, वेखंड, लोबान... सुगंधी वनस्पतींचा उपाय कुठपर्यंत औषध आणि कुठून गुन्हा?

कुंडलिका नदीच्या अलीकडचा जुना जालना असो की पलीकडचा नवा जालना, काष्ठौषधीच्या दुकानात ऊद, लोबान, गुग्गुळ, वेखंड, ओवा, वावडिंग आणि कापूर शेजारी शेजारी मांडलेले असतात. कोणी ते बाळंतिणीच्या धुरीसाठी नेतात, कोणी देवघरासाठी, तर कोणी दृष्ट काढण्यासाठी. आता यात मोबाइलवरून मागवल्या जाणाऱ्या ‘इसेन्शियल ऑइल’च्या छोट्या बाटल्यांची भर पडली आहे. झोप, सर्दी, ताणतणाव, अगदी मधुमेहावरही उपाय म्हणून सुगंधी पदार्थांची जाहिरात केली जाते.

वस्तू एकच असली तरी तिच्याबद्दल केला जाणारा दावा बदलला की कायदाही बदलतो. घरात सुवासासाठी लोबान जाळणे ही ज्याची त्याची आवड. त्याने आजार बरा होतो अशी जाहिरात करणे हा गुन्हा ठरू शकतो. ‘बाधा’ उतरवण्याच्या नावाखाली एखाद्याला मिरचीची धुरी दिली, तर थेट तुरुंगवासाची तरतूद आहे. सुगंधाचा परिणाम नेमका किती, धोका कुठे आणि कायदा काय सांगतो, ते समजून घेऊ.

सुगंधाचा शरीरावर खरोखर परिणाम होतो का?

होतो. गंधाचे रेणू नाकाच्या वरच्या भागातील पेशींना स्पर्श करतात. तिथून निघालेला संदेश मेंदूतील भावना आणि आठवणींशी संबंधित भागांपर्यंत फार थोड्या टप्प्यांत पोहोचतो. त्यामुळेच एखाद्या वासाने क्षणात आजीचे घर आठवते किंवा मळमळ सुरू होते.

याशिवाय या वनस्पतींमध्ये प्रत्यक्ष काम करणारी रसायने असतात. ओव्यातील थायमॉल माउथवॉशमध्ये वापरले जाते. लवंगेतील युजेनॉल आणि झिंक ऑक्साइड यांच्या मिश्रणाने दंतवैद्य दातातील पोकळी तात्पुरती भरतात. पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूल आतड्याच्या ‘आयबीएस’ या त्रासात उपयोगी पडतात, असे दाखवणाऱ्या चाचण्या झाल्या आहेत.

मात्र, वाटणे आणि होणे यांत फरक असतो. मेन्थॉलचा वास घेतला की नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात मेन्थॉल गारवा ओळखणाऱ्या नसांना चेतवते, नाकातील सूज त्याने कमी होत नाही. आराम वाटतो हे खरे असले, तरी सर्दी बरी झाली असा त्याचा अर्थ होत नाही.

अरोमाथेरपीला पुरावा किती?

अत्तर आणि धूप आपल्याकडे जुनेच असले, तरी ‘अरोमाथेरपी’ हा शब्द नवा आहे. फ्रेंच रसायनतज्ज्ञ रेने-मॉरिस गॅटफोसे यांच्या 1937 मधील पुस्तकामुळे तो रूढ झाला. वनस्पतींपासून मिळवलेली तेले हुंगणे किंवा पातळ करून मालिशसाठी वापरणे, असे तिचे साधारण स्वरूप असते.

या पद्धतीवर चाचण्या बऱ्याच झाल्या, पण त्यातील अनेक लहान आहेत. आणखी एक अडचण म्हणजे वास लपवता येत नाही. गोळीच्या चाचणीत रुग्णाला खरी गोळी दिली की साखरेची, हे झाकून ठेवता येते. लॅव्हेंडरचा वास आला की रुग्णाला आपल्याला काय दिले ते लगेच कळते. त्यामुळे गुण वासाचा की अपेक्षेचा, हे वेगळे काढणे कठीण जाते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवरील चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने 2020 मध्ये घेतला. त्यातही फायद्याचा खात्रीशीर पुरावा आढळला नाही.

म्हणजेच मन शांत वाटावे म्हणून कोणी सुगंध वापरत असेल, तर त्यात गैर काही नाही. चालू औषध बंद करून त्याजागी तेलाची बाटली घेण्याइतका पुरावा मात्र नाही.

धुरीने हवा शुद्ध होते, हा दावा कितपत खरा?

धुरीला आयुर्वेदात जुना आधार आहे. ‘काश्यपसंहिते’त धूपकल्प नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक भूतविद्या आहे आणि अनेक सुगंधी द्रव्यांचे वर्णन ‘रक्षोघ्न’ असे केलेले आढळते. आज आपण औषध आणि जादू यांत जी रेघ ओढतो, ती त्या काळी इतकी ठळक नव्हती.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या संदेशांना मात्र आधुनिक प्रयोगाचा हवाला लागतो. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतील संशोधकांचा 2007 मधील अभ्यास त्यासाठी नेहमी पुढे केला जातो. बंद खोलीत हवन सामग्रीचा धूर तासभर केल्यावर हवेतील जीवाणू सुमारे 94 टक्क्यांनी घटल्याचे त्यात नोंदवले होते. हा अभ्यास खरा आहे. पण त्यात खोलीतील जीवाणू मोजले होते. त्या खोलीत माणसे कमी आजारी पडली का, हे त्यात तपासलेले नव्हते.

दुसरी बाजू धुराची. कोणताही वनस्पतिजन्य पदार्थ जळला की पीएम 2.5 हे सूक्ष्म कण तयार होतात आणि ते फुप्फुसात खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये या कणांसाठी घालून दिलेली 24 तासांची मर्यादा घनमीटरला 15 मायक्रोग्रॅम आहे, तर भारताचे मानक 60 मायक्रोग्रॅम आहे. दारे-खिडक्या लावलेल्या बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवून धुरी दिली, तर त्या धुरात सर्वांत लहान फुप्फुसे नवजात बाळाची असतात.

कापूर आणि वेखंड यांत धोका कुठे?

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, 2021 मध्ये, कापूर, लवंग आणि ओव्याची पुरचुंडी हुंगल्याने ऑक्सिजन पातळी वाढते, असा संदेश घराघरांत पोहोचला होता. त्याला कोणताही वैद्यकीय आधार नव्हता. धाप लागलेल्या रुग्णाने पुरचुंडीवर घालवलेला प्रत्येक तास महागात पडू शकत होता.

कापूर पोटात गेल्यास विषारी ठरतो. लहान मुलाच्या पोटात एक ग्रॅमच्या आसपास गेला तरी जिवावर बेतू शकते. झटके येणे हे त्याचे प्रमुख लक्षण असून ते काही मिनिटांतही सुरू होऊ शकतात. देवघरातील वडी खडीसाखरेसारखी दिसते, म्हणून ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवायला हवी. मुलाने कापूर गिळल्यास उलटी करवू नये, 108 वर फोन करून तातडीने रुग्णालय गाठावे. कापूर किंवा मेन्थॉल असलेले बाम दोन वर्षांखालील मुलांना लावू नयेत. निलगिरीचे तेलही पोटात गेल्यास असेच घातक ठरते.

वेखंडाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे, कारण ते मराठी घरातील बाळगुटीत असते. वेखंडात बीटा-असारोन नावाचे रसायन आढळते. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याने गाठी झाल्याचे दिसल्यावर अमेरिकेने 1968 मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यावर बंदी घातली. आयुर्वेदात वेखंडावर शोधनाची प्रक्रिया सांगितली आहे, पण घरी सहाणेवर उगाळताना ती केली आहे की नाही, हे कोण पाहते? बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला गुटीलाही लागू होतो.

‘जादू’ कधी गुन्हा ठरते?

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर राज्याने आधी वटहुकूम काढला आणि डिसेंबर 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. या कायद्याच्या अनुसूचीत 12 प्रकारची कृत्ये दिली आहेत. भूत उतरवण्याच्या बहाण्याने बांधून ठेवणे, मारहाण करणे आणि मिरचीची धुरी देणे यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. शिक्षा किमान सहा महिने ते सात वर्षे आणि दंड 5 हजार ते 50 हजार रुपये. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे.

साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर रुग्णाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हेही याच अनुसूचीत येते. पूजा, प्रदक्षिणा, वारी, कीर्तन यांना कायद्याने हात लावलेला नाही. घरात धूप दाखवणे किंवा मीठ-मोहरीने दृष्ट काढणे याने कोणाला इजा होत नसेल, तर तो गुन्हा नाही.

जालन्यासाठी यातील विंचवाचा मुद्दा जवळचा आहे. विंचूदंशावरील उपचार बदलून टाकणारे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे भोकरदन तालुक्यातील देहेडचे. रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात काम करताना त्यांनी रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध विंचूदंशाच्या गंभीर रुग्णांना दिले आणि त्याच्या नोंदी ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकातून मांडल्या. त्याआधी अशा रुग्णांपैकी सुमारे 40 टक्के दगावत, ते प्रमाण पुढे एक टक्क्याच्या घरात आले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

प्राझोसिन स्वस्त आणि साधी गोळी आहे, पण ती वेळेत मिळावी लागते. मंठा किंवा परतूरच्या शिवारात दंश झालेल्या माणसाला आधी झाडपाल्याचा लेप, मग धुरी आणि शेवटी दवाखाना असा प्रवास घडला, तर गोळीचा उपयोग उरत नाही. अनेकदा झाडपाल्याने थेट अपाय होत नाही, वेळ मात्र निघून जातो.

जाहिरातींवर सध्या कोणाचे नियंत्रण आहे?

मुख्य कायदा 1954 चा आहे, औषधे आणि जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा. मधुमेह, कर्करोग, लठ्ठपणा, अपस्मार, रक्तदाब, पक्षाघात अशा 54 विकारांवर उपचाराचा दावा करणाऱ्या जाहिरातींना यात मनाई आहे. ताईत, मंत्र, कवच यांच्या जाहिरातींचाही समावेश आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही आणि पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

गेल्या काही वर्षांत गोंधळ झाला तो नियम 170 वरून. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी औषधांच्या जाहिरातीला आधी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची मंजुरी हवी, असा हा नियम 2018 मध्ये आला. आयुष मंत्रालयाने 1 जुलै 2024 रोजी तो वगळला. सर्वोच्च न्यायालयाने 27 ऑगस्ट 2024 रोजी त्या निर्णयाला स्थगिती दिली. पुढे ऑगस्ट 2025 मध्ये भारतीय वैद्यकीय संघटनेची मूळ याचिका निकाली निघाली आणि स्थगितीही उठली. म्हणजे पूर्वमंजुरीची चाळणी गेली, 1954 चा कायदा मात्र कायम आहे.

पूर्वमंजुरी नसेल, तर जाहिरात प्रसिद्ध झाल्यानंतर कोणीतरी तक्रार करावी लागते. म्हणूनच न्यायालयाचा 26 मार्च 2025 चा आदेश महत्त्वाचा ठरतो. 1954 च्या कायद्याखालील तक्रारींसाठी राज्यांनी दोन महिन्यांत यंत्रणा उभारावी, असे त्यात सांगितले आहे. महाराष्ट्रात अशी तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

सुगंधी शेतीचा याच्याशी काय संबंध?

केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने 2017 मध्ये ‘अरोमा मिशन’ सुरू केले. गवती चहा, रोशा गवत, वाळा, जिरेनियम ही त्यातील काही पिके असून जिरेनियमची लागवड गेल्या काही वर्षांत मराठवाड्यातही पोहोचली आहे. एक टन पाल्यातून साधारण एक किलो तेल निघते. त्यामुळे ऊर्ध्वपातनाचे युनिट जवळ आहे का आणि तेल घेणार कोण, हे लागवडीआधी पाहावे लागते.

हे तेल मुख्यतः साबण, अत्तर आणि सौंदर्यप्रसाधनांत जाते. शेतकऱ्याचे उत्पन्न त्या मागणीवर अवलंबून आहे, ‘सर्व रोगांवर उपाय’ अशा दाव्यांवर नाही. उलट भेसळीने बाजार बिघडतो. खानदेश-निमाडच्या जंगलातील रोशाचे तेल एकेकाळी मुंबईमार्गे तुर्कस्तानात जाई आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. नाकाला फसवणे सोपे असते, त्यामुळे वासावरून शुद्धता ठरवता येत नाही.

विकत घेण्यापूर्वी काय पाहाल?

• औषध म्हणून विकले जात असेल, तर वेष्टनावर ‘आयुर्वेदिक औषध’ हे शब्द, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत असायला हवी. नुसते ‘शंभर टक्के नैसर्गिक’ लिहिणे म्हणजे परवाना नव्हे.

• इसेन्शियल ऑइल पोटात घेऊ नका. त्वचेवर लावायचे असल्यास खोबरेल किंवा तिळाच्या तेलात पातळ करा आणि आधी हातावर थोडे लावून पाहा.

• घरात बाळ, दम्याचा रुग्ण किंवा गरोदर स्त्री असेल, तर बंद खोलीत धुरी देऊ नका.

• मधुमेह, रक्तदाब किंवा फिट्सची चालू गोळी कोणाच्या सांगण्यावरून बंद करू नका.

• साप किंवा विंचू चावल्यास लेप, धुरी, मंत्र यांत वेळ न घालवता 108 वर फोन करा.

• आजार बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात दिसल्यास तिचा स्क्रीनशॉट, तारीख आणि विक्रेत्याचे नाव जपून ठेवा. पूर्वमंजुरीची अट गेल्यानंतर कारवाईची सुरुवात अशा तक्रारीतूनच होते.