उतरत्या सेलांवरचे भजन

आमच्या आष्ट्याच्या घरातील माळ्यावर ज्या पत्र्याच्या ट्रंकेत एके काळी आजोबांचे सातबाऱ्याचे उतारे, फाळ्याच्या पावत्या आणि सोसायटीच्या कर्जाचे कागद असत, त्याच ट्रंकेत आज चारशेच्या आसपास ध्वनिफिती, म्हणजे ज्यांना सारा महाराष्ट्र कॅसेट याच नावाने ओळखत आला त्या, उभ्या रांगेने लावून ठेवलेल्या आहेत. आणि घरातील तरुण मंडळी त्या ट्रंकेकडे ज्या नजरेने पाहतात, ती नजर कामातून गेलेल्या पण दावणीवरून हलवताही न येणाऱ्या म्हाताऱ्या बैलाकडे पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या नजरेहून फारशी भिन्न नाही. ध्वनीला आणि व्यसनाला 'नाद' हा एकच शब्द योजून मराठी भाषेने माझ्यासारख्या इसमाची वर्गवारी आधीच करून ठेवली असल्यामुळे या छंदाचे समर्थन करीत बसण्याची वास्तविक गरज नव्हती. तथापि अलीकडे शहरांतून कॅसेटला पुन्हा एक प्रतिष्ठा प्राप्त होऊ लागली आहे, ज्यांनी जन्मात कधी पेन्सिलीने फीत गुंडाळली नाही अशा मुलांच्या सदऱ्यांवर तिची चित्रे झळकू लागली आहेत, आणि ही प्रतिष्ठा तिला सर्वस्वी चुकीच्या कारणासाठी मिळत आहे असे माझे स्पष्ट मत असल्यामुळे हा लेखनप्रपंच करीत आहे.

कॅसेटचा आवाज 'उबदार' असतो, असे ही मंडळी म्हणतात. तो उबदार वगैरे काही नसतो. त्यात खरखर असते. पावणेचार मिलिमीटरांहून किंचित रुंद अशी फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या मंद गतीने सरकत असताना तिच्यावर जेवढे उमटेल तेवढेच उमटते, आणि गाण्यातील अतिसूक्ष्म स्वर त्या खरखरीत विरघळून जातात, हे कान शाबूत असलेल्या कोणाही माणसाला मान्य करावे लागेल. या वस्तूचा जनक लू ऑटन्स हा डच अभियंता. फिलिप्स कंपनीत काम करताना कोटाच्या खिशात मावेल एवढा लाकडी ठोकळा करून घेऊन, यंत्र याहून मोठे होता कामा नये, असा दंडक त्याने आपल्या सहकाऱ्यांना घालून दिला होता, आणि १९६३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात ती वस्तू जगापुढे आली. पुढे कॉम्पॅक्ट डिस्कच्या घडणीतही ज्याचा वाटा होता असा हा गृहस्थ उतारवयात आवाजाच्या बाबतीत डिस्कलाच उजवे ठरवीत असे. २०२१ साली, वयाच्या ९४ व्या वर्षी, आपल्याच अपत्याविषयी कसलाही फाजील जिव्हाळा न बाळगता तो वारला. जनकाने जे केले नाही ते आपण करण्याचे कारण नाही.

मग चारशे कॅसेट कशासाठी? उत्तर आवाजाच्या गुणात नसून अवधीत आणि मालकीत आहे. ग्रामोफोनची जुनी तबकडी एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांत आटोपत असे; आमच्या शेजारच्या मिरजेत ज्यांनी आपल्या आयुष्याचा उत्तरार्ध घालवला त्या अब्दुल करीम खाँसाहेबांनाही आपला राग त्या मुदतीत बसवावा लागला, आणि कीर्तन, भारूड, तमाशाचा वग अथवा पंचक्रोशीतील भजनी मंडळाची रात्र यांना तर त्या तबकडीवर पाऊल ठेवण्यासही जागा नव्हती. साठ मिनिटांच्या कॅसेटने एका बाजूला अर्धा तास दिला. परंतु त्याहून मोठी गोष्ट अशी की, ध्वनिमुद्रण करणे हा जो कंपन्यांचा आणि सरकारी नभोवाणीचा मिरासी हक्क होता, तो तिने दोन बटणे एकदम दाबण्याइतका सोपा करून ज्याच्या त्याच्या हाती दिला. सांगलीला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले तेही १९६३ सालीच. एका वर्षात दोन दारे उघडली, एकातून आवाज घरात आला आणि दुसऱ्यातून घरातला आवाज टिकून राहू लागला.

बाजारातील कॅसेटविषयी मी फार लिहीत नाही. १९८३ साली गुलशन कुमार यांनी टी-सिरीज काढून स्वस्त कॅसेटचा जो पूर आणला, त्याने जुन्या मातबर कंपनीची मक्तेदारी मोडली. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज खेड्यापाड्यांतील देवळांच्या कर्ण्यांवर पहाटे चढला, बाबामहाराज सातारकरांचे कीर्तन पंढरीची वारी न घडलेल्या घरांतूनही ऐकू आले, आणि पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसमुळे पु. ल. देशपांडे यांचे कथाकथन आणि मल्लिकार्जुन मन्सूरांचे गाणे आमच्यासारख्यांच्या कपाटात येऊन राहिले. 'कॅसेट भरून मिळेल' अशी पाटी लावलेली दुकानेही त्या काळी गावोगाव होती. वहीत गाण्यांची यादी लिहून द्यावी, कोरी कॅसेट ठेवून यावी आणि चार दिवसांनी पसंतीची गाणी घेऊन यावे असा शिरस्ता असे, आणि तो कायद्याला धरून नव्हता हे दुकानदारालाही ठाऊक होते व गिऱ्हाइकालाही. गळिताच्या हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढीत सांगली-इस्लामपूर रस्त्याने निघालेला ट्रॅक्टर दिसण्याआधी त्याचा टेप ऐकू येई, आणि शिवारात पाणी पाजणाऱ्याला नुसत्या गाण्यावरून तो कोणाचा ट्रॅक्टर हे सांगता येई. हा सारा वैभवाचा काळ खरा; पण यातील बहुतेक मजकूर आज मोबाइलवर, अधिक स्वच्छ आवाजात, फुकट मिळतो. तो जपण्यासाठी माझ्या ट्रंकेची कोणालाही गरज नाही, आणि केवळ त्यासाठी कोणी ट्रंक भरीत असेल तर त्याने ती भंगारवाल्याला द्यावी, असेच मी सांगेन.

माझ्या चारशेंपैकी ज्या साठेक कॅसेटसाठी मी बाकीच्यांचा भार सोसतो, त्यांच्यावर कोणत्याही कंपनीचे नाव नाही. कोऱ्या विकत घेऊन घरी भरलेल्या, बॉलपेनने 'भजन', 'बारसे', 'अण्णांचे भाषण', 'भावई' असे काहीबाही लिहिलेल्या त्या फिती आहेत. त्यांतील एकीविषयी थोडे विस्ताराने सांगतो. आमच्या गल्लीतल्या भजनाच्या एका रात्री, वीज गेलेली असताना, कोणी तरी सेलांवर चालणारा टेपरेकॉर्डर पेटीच्या, म्हणजे हार्मोनियमच्या, जवळ ठेवून हे भजन भरून घेतले. गाणारे होते ते वडीलधारे, ज्यांच्या जन्माच्या दाखल्यावर आष्टा हे सातारा जिल्ह्यात आणि ज्यांच्या धाकट्या भावांच्या दाखल्यावर ते दक्षिण साताऱ्यात नोंदलेले होते, कारण दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ साली झाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० साली पडले. ही फीत मी प्रथम लावली तेव्हा आरंभीचा पाऊण तास सर्व यथास्थित होते. पण दुसरी बाजू अर्धी होताच आवाज बारीक होऊ लागले, टाळ भराभर पडू लागले, आणि अखेरच्या अभंगात तर सत्तरीतील बुवा शाळकरी पोरांसारख्या किनऱ्या आवाजात धावत सुटले. मी समजलो, यंत्र बिघडले. वस्तुतः बिघाड माझ्या यंत्रात नव्हता. त्या रात्री सेल उतरत गेले होते. सेल उतरले की भरणाऱ्या यंत्रातील फीत हळू सरकते, आणि हळू भरलेली फीत पुढे योग्य गतीने वाजवली की आवाज वर चढतो. जसजसा यंत्राचा जीव जात होता तसतसे, फितीपुरते का होईना, म्हातारे तरुण होत गेले.

हा दोष काढण्याची युक्ती मला पेटीने दिली. गाणाऱ्याचा सूर चढेल-उतरेल, पण पेटी एकदा काळी चारला धरली की ती काळी चारच राहते. आणि मजकूर फितीत ती हळूहळू सरकत शेवटी काळी पाचच्या घरात जाऊन पोहोचली होती. फीत संगणकात उतरवून घेऊन, शेजारी दुसरी पेटी मांडून, दर मिनिटाला सूर ताडून पाहत मी गती थोडी थोडी कमी करीत गेलो. तेवढ्या मजकुराला पंधरा रात्री लागल्या. अखेरीस बुवा पुन्हा सत्तर वर्षांचे झाले, त्यांच्या श्वासातील धाप ऐकू आली, आणि अभंग संपल्यावर कोणी तरी "चहा आणा रं" म्हणाले तेही त्यांच्या स्वतःच्या जाड्याभरड्या आवाजात. त्या मंडळींपैकी आज कोणीही हयात नाही. त्यांच्या गाण्याची दुसरी प्रत जगात कोठेही नाही.

अस्सल एकच आणि नक्कल नाही, अशी स्थिती झाली की दस्तऐवजाचे काय होते हे महसूल खात्याला चांगले ठाऊक आहे. म्हणूनच दोन पिढ्यांपूर्वीच्या बांधाच्या तंट्याचा फेरफार तलाठ्याच्या दप्तरात आजही सापडतो. तंटा करणाऱ्यांचा आवाज मात्र आपण कोणत्याच दप्तरी रुजू केलेला नाही. मोठमोठ्या संस्थांनीही याबाबत काही फार शहाणपणा दाखवला असे नाही. लंडनच्या बीबीसीने १९६० आणि १९७० च्या दशकांत आपल्याच कार्यक्रमांच्या प्रती पुसून किंवा टाकून दिल्या. त्यांच्या 'डॉक्टर हू' या गाजलेल्या दूरचित्रवाणी मालिकेच्या जवळजवळ शंभर भागांची चित्रे आज नाहीत, आणि तरीही त्या सर्व भागांचा ध्वनी उपलब्ध आहे, तो केवळ घरच्या टेपरेकॉर्डरचा ध्वनिग्राहक दूरचित्रवाणी संचापुढे धरून बसणाऱ्या तिकडच्या नादिष्ट पोरांमुळे.

अर्थात बीबीसीला नावे ठेवण्याचा अधिकार निदान मला नाही. ५ नोव्हेंबर १९८७ रोजी वानखेडे मैदानावर विश्वचषकाचा उपान्त्य सामना चालू होता, मला रेडिओवरील समालोचन भरून ठेवायचे होते आणि घरात कोरी कॅसेट नव्हती. तेव्हा हाताला लागलेली एक कॅसेट घेऊन, तिच्या पाठीवरच्या मोडलेल्या खाचांवर कागद चिकटवून, मी ती बेधडक लावली. ग्रॅहम गूचने स्वीपचे फटके मारमारून ११५ धावा केल्या, आपण ३५ धावांनी हरलो, आणि त्या पराभवाचा वृत्तान्त माझ्यापाशी आजतागायत सुरक्षित आहे. पुसले गेले ते आमच्या आजीचे जात्यावरचे गाणे. खाचा मोडल्या होत्या त्या वडिलांनी, तिच्यावर कोणाला दुसरे काही भरता येऊ नये म्हणून, नेमक्या याच प्रसंगासाठी. फितीच्या टोकाला समालोचन जेथे संपते तेथून पुढे चार मिनिटे आजी उरली आहे. जाते आधी ऐकू येते आणि मग ती.

ज्यांनी हे काम माझ्यासारखे नव्हे, तर शिस्तीने केले अशी माणसे महाराष्ट्रात झाली. गी पॉयटवँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांतील बऱ्याच ध्वनिमुद्रितही झाल्या, आणि आज 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव यांसह त्या ऐकता येतात. परंतु एवढा मोठा संग्रहही प्रत्येक गल्लीत पोहोचू शकत नाही. गल्लीतील आवाज गल्लीतल्याच कोणी तरी भरलेला असतो, आणि तो बहुधा कपाटाच्या खालच्या खणात, लग्नपत्रिका आणि कालबाह्य औषधे यांच्या सोबतीला पडून असतो.

तेथे तो फार दिवस टिकणार नाही. फितीवर पांढरी बुरशी चढते, फीत दाबून धरणारी बारीक गादी गळून पडते, यंत्रातील रबरी पट्टा डांबरासारखा वितळतो. आणि ज्यांच्याकडे हेड पुसून, पट्टा बदलून मिळत असे ते कारागीर आता मोबाइलच्या काचा बसवतात. त्यात आमचा मुलूख कृष्णाकाठचा. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत नदीकाठच्या घराघरांतून जो चिखल बाहेर काढला गेला, त्यात कॅसेटही होत्या, आणि पंचनाम्यात धान्य, भांडी, जनावरे यांचे रकाने असतात, आवाजाचा नसतो.

यास्तव माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली गावोगावच्या ज्या ग्रंथालयांना शासनाचे अनुदान मिळते, त्यांनी आणि आमच्या आष्ट्यासारख्या, एकोणिसाव्या शतकापासून नगरपालिकेचा कारभार पाहत आलेल्या गावांच्या नगरपरिषदांनी, एक चालू स्थितीतील टेपडेक, एक संगणक, दोहोंना जोडणारी एक तार आणि एक कपाट एवढ्याची तजवीज करावी. या कामाला पैसा फारसा लागत नाही. वेळ लागतो, कारण साठ मिनिटांची कॅसेट उतरवून घ्यायला साठच मिनिटे लागतात. निवृत्त झालेल्या पोस्टमास्तरांपाशी आणि शिक्षकांपाशी ही मिनिटे आहेत. कोण गात आहे, कोणत्या साली, कोणाच्या ओसरीवर, एवढे ऐकताच सांगू शकणारी माणसेही अद्याप गावात आहेत, पण तीही आता सत्तरी-ऐंशीची आहेत. त्यांना खुर्चीवर बसवून, चहा देऊन, नावे टिपून घेण्याचे काम प्रथम करावे. यंत्र मागाहून आले तरी चालेल.

तोवर ज्यांच्या घरी अशी कॅसेट सापडेल त्यांनी ती हौसेने लगेच वाजवू नये. ओलसर असेल तर सावलीत, वाऱ्यावर आठ-पंधरा दिवस वाळू द्यावी, उन्हात ठेवू नये. आणि सर्वांत आधी तिच्या पाठीच्या कडेला असलेल्या दोन छोट्या प्लास्टिकच्या पट्ट्या मोडून टाकाव्यात. त्या खाचांवर कागद चिकटवू नये.