आग मुद्दाम लावलेली, मग मृत्यू अपघाती कसा?

सरावात पोरगा मेला की ‘दुर्दैवी अपघात’ म्हणून मोकळं व्हायचं, याची मला चीड आहे. खऱ्या आगीत जवानाच्या हातात फारसं काही नसतं. सरावात जागा प्रशिक्षक निवडतो, जळण तो ठरवतो, काडी त्याच्या हुकमाने पेटते, आत कोणी जायचं हेही तोच सांगतो. मग दैवावर काय ढकलता?

न्यूयॉर्क राज्यातल्या लेअर्ड्सविल गावी २५ सप्टेंबर २००१ रोजी एका रिकाम्या घरात सराव झाला. एकोणीस वर्षांच्या नवख्या स्वयंसेवकाला वरच्या मजल्यावर ‘अडकलेला माणूस’ बनवून ठेवलं. खाली सोफ्याची फोमची गादी पेटली, धूर आणि आग जिन्याने वर चढली. पोरगा गेला. जिवंत माणूस असा आत ठेवायचा नाही, एका वेळी एकच आग लावायची, जादा होज तयार ठेवायचा, हे सांगणारं एनएफपीए १४०३ हे मानक तिथे १९८६ पासून होतं. सराव चालवणाऱ्या सहायक प्रमुखाला २००२ मध्ये ज्युरीने निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल दोषी ठरवलं. ‘आम्ही वर्षानुवर्षं असंच शिकवतो’ म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

आपल्या देशातही हे घडलंय. जुलै २०१८ मध्ये कोईम्बतूरजवळच्या एका कॉलेजात आपत्ती व्यवस्थापनाचं शिबिर होतं. खाली पोरं जाळी धरून उभी. उडी मारायला कचरणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीला प्रशिक्षकाने ढकललं. खालच्या छज्जावर डोकं आपटून ती गेली. त्याला अटक झाली, आणि तो आपला अधिकृत प्रशिक्षक नव्हताच, असं राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने सांगितलं. म्हणजे कॉलेजने कागद तपासायचेही कष्ट घेतले नव्हते!

‘मुलं स्वतःच तयार झाली होती’ ही पळवाट आता नको. जीव जाण्याची किंवा जबर दुखापतीची शक्यता माहीत असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २५ प्रमाणे सज्ञान माणसाची संमती ढाल होत नाही. कलम १०६ प्रमाणे निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

हे मी आपल्या पोरांसाठी लिहितोय. मोहल्ल्यात ‘फायर अँड सेफ्टी’चे बोर्ड लागलेत, गल्फच्या नोकरीच्या आशेने घरचे दागिने गहाण ठेवून फी भरली जाते. माझ्या डिप्लोमाच्या अख्ख्या वर्षात मी एकदाच आग विझवली: पत्र्याच्या ट्रेमधलं डिझेल, एक सिलिंडर, रांगेत वीस जण, प्रत्येकाला तीन सेकंद. बाकी सगळं पडद्यावरच्या स्लाइडवर. बीए सेट पाठीवर चढवला तो फक्त फोटोपुरता. सर्टिफिकेट मात्र चकचकीत मिळालं! अशा सर्टिफिकेटवर उद्या रिफायनरीत दुसऱ्यांच्या जिवाची जबाबदारी घ्यायची.

म्हणून फी भरण्याआधी विचारा. प्रशिक्षक स्वतः किती आगींवर गेलाय, कुठे नोकरी केली? पाच पोरांमागे एक प्रशिक्षक असतो का? सेट घालून धुरात किती तास काढायचे? सरावाच्या दिवशी रुग्णवाहिका उभी असते का, आणि ‘थांबा’ म्हणायचा हक्क कोणाला? ऑफिसातला माणूस हसला, तर पैसे खिशातच ठेवा आणि सोबत आलेल्या दोस्तालाही बाहेर काढा.