टेक्सासचं स्वातंत्र्य, पण कुणाचं?

अलामोला जाऊन आलेल्या बहुतेक मराठी माणसांना पावनखिंड आठवते. मलाही आठवली होती. मूठभर माणसं, तेरा दिवसांचा वेढा, समोर सांता आनाचं सैन्य, आणि ६ मार्च १८३६ च्या पहाटे सगळा खेळ खलास. ऊर भरून येतोच!

पण मंडळी, पावनखिंडीशी तुलना करायच्या आधी हे लोक कशासाठी लढत होते ते बघायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

टेक्सास तेव्हा मेक्सिकोचा सीमाप्रांत. वस्ती वाढावी म्हणून मेक्सिकोनेच अमेरिकनांना जमिनी देऊन बोलावलं. ते आले, कापूस लावला आणि सोबत गुलाम आणले. १८२९ मध्ये मेक्सिकोने गुलामगिरी रद्द केली (टेक्सासला लगेच सूटही दिली, ते असो) आणि १८३० मध्ये नवीन अमेरिकनांना येण्याची बंदी केली. तरी लोक येतच राहिले. 'बेकायदा घुसखोर' हा शब्द तेव्हा उलट्या दिशेने वापरता आला असता, गंमतच आहे.

आता न्यायाने बोलायचं तर बंडाला दुसरंही कारण होतं. सांता आनाने १८२४ ची घटना गुंडाळून सगळी सत्ता राजधानीत नेली. त्याविरुद्ध साकातेकास प्रांतानेही १८३५ मध्ये बंड केलं, आणि तिथे काही गुलामांचा प्रश्न नव्हता. म्हणजे तक्रार खरी होती.

पण स्वतंत्र झाल्यावर या लोकांनी स्वतःची घटना काय लिहिली? त्यांच्या काँग्रेसला गुलाम मुक्त करायचा अधिकारच नाही. मालकाला स्वतःचा गुलाम सोडायचा असेल तर काँग्रेसची परवानगी, नाहीतर त्याला देशाबाहेर पाठवा. आणि स्वतंत्र कृष्णवर्णीयाला काँग्रेसच्या परवानगीशिवाय तिथे कायमचं राहता येणार नाही. युद्ध चालू असताना, मार्च १८३६ मध्येच हे कागदावर आलं. मला तरी यापुढे वेगळा पुरावा लागत नाही.

२१ एप्रिलला सॅन हासिंतोची लढाई अठरा मिनिटांत संपली, टेक्सास देश झाला. कर्ज डोक्यावर, नोटा कवडीमोल. अमेरिकेत जायचं तर गुलामांचं आणखी एक राज्य नको म्हणून तिथे विरोध. शेवटी २९ डिसेंबर १८४५ ला राज्य झालं, पाठोपाठ मेक्सिकोशी युद्ध. १८६० च्या जनगणनेत टेक्सासमध्ये १,८२,५६६ गुलाम होते.

मला या सगळ्यात हुआन सेगीन जास्त आठवतो. सॅन अँटोनियोचा, स्पॅनिश बोलणारा, बंडवाल्यांच्या बाजूचा. निरोप घेऊन अलामोबाहेर पाठवला म्हणून वाचला. सॅन हासिंतोला त्याच्या माणसांनी टोपीत पुठ्ठे खोचले होते, आपल्याच लोकांनी शत्रू समजून गोळ्या घालू नयेत म्हणून! पुढे अलामोतल्या मृतांच्या अस्थी यानेच सन्मानाने पुरल्या. सिनेटर झाला, सॅन अँटोनियोचा मेयर झाला. आणि १८४२ मध्ये नव्याने आलेल्यांनी गद्दार ठरवून त्याला मेक्सिकोत पळायला लावलं. तिथे गेल्यावर त्याला मेक्सिकोकडूनच टेक्सासवर चालून यावं लागलं.

१८९० मध्ये तो नदीपलीकडे न्युएव्हो लारेदोमध्ये वारला. १९७४ मध्ये त्याच्या अस्थी टेक्सासात आणल्या आणि त्याच्याच नावाच्या गावात पुरल्या. ह्यूस्टनहून अलामोला जाताना आय-१० वर सेगीनची पाटी लागते. जमलं तर उतरा.