फुस्स आवाजाची किंमत

गेल्या वीकेंडला बऱ्याच दिवसांनी गावी जाऊन आलो. गाव म्हणजे जेऊर, तालुका करमाळा, जिल्हा सोलापूर. पुण्याहून सोलापूरकडे निघालात की भिगवणनंतर उजनीचं बॅकवॉटर दिसतं, मग पारेवाडी, वाशिंबे, पोफळज मागे पडतात आणि जेऊर येतं. करमाळ्याला जाणारे बहुतेक इथेच उतरतात. आजूबाजूला ऊस, कंदरकडे केळी, आणि हंगामात रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर.

स्टेशनवर मला घ्यायला मामेभाऊ आला होता. केळीत दोन पैसे बरे मिळाले म्हणून त्याने पुण्यातून जुनी मर्सिडीज आणली आहे, मागे 'कॉम्प्रेसर' लिहिलेली. कॉम्प्रेसर म्हणजे सुपरचार्जरवाली. नव्या हॅचबॅकपेक्षा कमी पैशात! "दादा, आता आवाज ऐक," म्हणाला. पाय दाबला, सोडला. फुस्स! परत दाबला, सोडला. फुस्स! चेहऱ्यावर असा आनंद, की मलाही हसू आलं.

तिसऱ्या फुस्सला गाडी बंद पडली. वेगात, वळणावर, आणि समोर रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली. इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं आणि एक-दोनदा दाबल्यावर ब्रेकचाही दगड होतो, हे पुस्तकात वाचलं होतं. त्या दिवशी प्रात्यक्षिक झालं. वाचलो, कारण रस्ता चढाचा होता. मागच्या सीटवर मामी बसली होती. ती काही बोलली नाही, फक्त पदर तोंडाला लावून बसली.

घरी जाऊन बॉनेट उघडलं. पुण्यातल्याच कुठल्याशा गॅरेजने त्याला चकचकीत निळा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवून दिला होता. मूळचा बायपासचा रस्ता बुच लावून बंद! वर सांगितलं, "टर्बोला चालतो तर सुपरचार्जरला का नाही चालणार?"

आजचा लेख या एका वाक्याविरुद्ध आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह म्हणजे कुकरची शिट्टी नव्हे. कुकरची शिट्टी दाब जास्त झाला की उडते. हा व्हॉल्व्ह उघडतो तो तुम्ही ॲक्सिलरेटर सोडल्यावर. थ्रॉटलची झडप मिटते, तिच्यापलीकडे मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो, आणि तो व्हॅक्यूम एका बारीक नळीतून व्हॉल्व्हची स्प्रिंग खेचतो. म्हणजे त्याचं काम दाब कमी करणं नसून, नको असलेल्या हवेला वाट देणं आहे.

आता टर्बो आणि सुपरचार्जर यांच्यातला फरक. टर्बो धुराच्या जोरावर फिरतो. पाय सोडला की धूर कमी, टर्बोचा जोर कमी. त्याला व्हॉल्व्ह लागतो तो गिअर बदलतानाच्या त्या क्षणभरासाठी. सुपरचार्जर मात्र पट्ट्याने इंजिनाला बांधलेला. (काही गाड्यांत मध्ये क्लच असतो, तो भाग वेगळा.) इंजिन फिरतंय तोवर हा फिरणारच, सिग्नलला उभे असा नाहीतर उतारावर.

थोडं गणित करू, आपण इंजिनिअर आहोत शेवटी. १.८ लिटरचं इंजिन ३००० आरपीएमला फिरतंय. फोर-स्ट्रोक, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा पोट भरणार. मिनिटाला २७०० लिटर हवा, तीही पूर्ण पाय दाबलेला असताना. आता ईटनचा एम४५ जातीचा सुपरचार्जर घ्या. नावातले ४५ म्हणजे एका फेरीत ४५ घनइंच, साधारण ७३७ सीसी. समजा पट्ट्याने तो इंजिनाच्या दुप्पट वेगाने फिरवला, तर ६००० फेऱ्या, म्हणजे गळती सोडून मिनिटाला ४४०० लिटर. हायवेवर आरामात जाताना इंजिनाला यातला छोटासा हिस्सा पुरतो. मग बाकीच्या हवेने जायचं कुठे?

हे मी भावाला गणिताने सांगत होतो, त्याला काही पटेना. मग म्हटलं, तुझा फवारणीचा एचटीपी पंप आठव. गन बंद केलीस तरी पंप चालूच असतो ना? औषध कुठे जातं? म्हणाला, "रिटर्न पाइपनं परत पिंपात." मग तो रिटर्न पाइप बांधावर सोडशील का? म्हणाला, "येडा हाय का मी? मापून टाकलेलं औषध हाय त्ये!"

बस्स. हेच. सुपरचार्जरचा बायपास म्हणजे तो रिटर्न पाइप. आणि मापून टाकलेलं औषध म्हणजे सेन्सरने मोजलेली हवा. फिल्टरजवळ बसलेला एअर मास सेन्सर आत आलेली हवा मोजतो, कॉम्प्युटर त्या हिशेबाने पेट्रोल सोडतो. मोजलेली हवा तुम्ही मध्येच रस्त्यावर सोडून दिलीत की पेट्रोल तेवढंच, हवा कमी. मिश्रण गचाळ होतं, प्लग काळे पडतात, आणि पाय सोडल्यावर इंजिन गुदमरून बंद पडतं. आमचं तेच झालं. बिचारा कॉम्प्युटर चुकला नव्हता, त्याला खोटा डेटा दिला होता. आपल्या धंद्यातही असंच असतं, नाही का?

दुसरी बाजू याहून वाईट. बऱ्याच रूट्स जातीच्या सुपरचार्जरांत थ्रॉटल सुपरचार्जरच्या आधी असतं (जुन्या मिनी कूपर एसमध्ये तसंच होतं). तिथे पाय सोडला की थ्रॉटलच्या पुढच्या सगळ्या नळ्यांत व्हॅक्यूम. त्यात बाहेर तोंड असलेला व्हॉल्व्ह उघडला तर हवा बाहेर पडण्याऐवजी आत ओढली जाते, फिल्टर न लागता. आमच्याकडे हंगामात ट्रॉल्यांमागे उडणारा फुफाटा ज्याने पाहिलाय, त्याला पुढचं सांगायला नको. सुपरचार्जरच्या दोन रोटरमध्ये फट केसाएवढी असते हो!

मग सुपरचार्जरला व्हॉल्व्ह निवडायचा कसा? माझ्या मते क्रम असा:

१. थ्रॉटल कुठे आहे ते आधी बघा. सुपरचार्जरच्या आधी असेल तर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह हा विषयच संपला. फक्त बायपास, आणि तोही आतल्या आत.

२. थ्रॉटल नंतर असेल (सेंट्रीफ्यूगल सुपरचार्जरात बहुधा असतंच) आणि हवा मोजणारा सेन्सर असेल, तर व्हॉल्व्हमधून निघालेली हवा सेन्सरच्या पुढे आणि सुपरचार्जरच्या तोंडाआधी परत सोडा. सेन्सर दाब मोजणारा असेल तर बाहेर सोडणं जमू शकतं. पण जमतं म्हणून करायलाच हवं असं नाही.

३. स्प्रिंग. टर्बोसाठीचे बरेच व्हॉल्व्ह आयडलला मिटून राहतील असे बेतलेले असतात. सुपरचार्जरला नेमकं उलटं लागतं. आयडलला आणि हलक्या पायाला व्हॉल्व्ह पूर्ण उघडा हवा, पाय दाबला की घट्ट मिटलेला. म्हणून स्प्रिंग निवडायची ती आपल्या इंजिनाचा आयडलचा व्हॅक्यूम गेजने मोजून. दुकानदाराने हातात ठेवली म्हणून नव्हे.

४. तोंडाचा आकार. टर्बोच्या व्हॉल्व्हला क्षणभराची हवा सोडायची असते, इथे आरपीएमबरोबर वाढणारी हवा सतत वाहणार. तोंड लहान पडलं की तीच हवा पुन्हा पुन्हा दाबली जाते, तापते, आणि पट्टा ओढायला पेट्रोल जळतं.

५. सिग्नलची नळी थेट मॅनिफोल्डवरून, थ्रॉटलच्या पुढून, स्वतंत्र घ्या. दुसऱ्या कशाशी वाटून घेऊ नका.

६. पिस्टनवाला की डायफ्रामवाला? पिस्टन धुळीने अडकतो, त्याला अधूनमधून साफ करून वंगण लागतं. डायफ्राम कालांतराने फाटतो. दोन्हीत काही ना काही आहेच. आपण काय सांभाळू शकतो ते बघून घ्या.

७. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कंपनीने दिलेला बायपास धड असेल तर काही घेऊच नका. ज्या गाड्यांत ही झडप कॉम्प्युटरच चालवतो, तिथे तर हातच लावू नका.

या यादीत 'आवाज' कुठेही नाही, हे लक्षात आलं असेल.

डिझेलवाल्यांबद्दल तर काय बोलावं! डिझेलला ताकद कमी-जास्त होते ती डिझेलच्या मापाने, हवेची झडप मिटून नव्हे. त्यामुळे मिटलेल्या झडपेवर हवा आपटण्याचा प्रश्नच फारसा येत नाही. तरी लोक डिझेल गाड्यांना फुस्सचे किट लावतात. काहींत तर चक्क स्पीकर असतो. यंत्र नाही, नुसती ध्वनिफीत. निदान ती निरुपद्रवी तरी आहे.

"पण हौसेला मोल नसतं" असं कोणी म्हणेल. मान्य. मीही दरमहा हौसेवर काय काय उधळतो ते बायकोला विचारा. ज्याच्याकडे ट्रॅकवर पळवायची गाडी आहे, जो कॉम्प्युटरचं ट्युनिंग नव्याने करून घेतो, त्याच्याशी माझं भांडण नाही. त्याने विचार करून बदल केलाय. माझं भांडण आहे ते व्हिडिओतला आवाज ऐकून भाग विकत घेण्याशी, आणि काय विकतोय ते माहीत नसताना विकणाऱ्यांशी. हौसेचं मोल हौस करणारा देतो तोवर ठीक. इथे ते मागच्या सीटवरची माणसं आणि समोरचा ट्रॅक्टरवाला देणार होता.

कायद्याचंही थोडं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असं सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद घातली. बुलेटच्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याच्या बातम्या आपण चवीने वाचतो. पण सायलेन्सरमुळे फक्त कान फुटतात. चुकीच्या व्हॉल्व्हमुळे गाडी वळणावर बंद पडते.

आता कबुलीजबाब. दिवाळीत भावाने मला फोनवर असा व्हिडिओ पाठवला होता आणि "लावू का?" विचारलं होतं. मी मीटिंगमध्ये होतो. न बघता उत्तर टाकलं, "लाव की, भारी वाटतं!" गावाकडे पुण्यातल्या इंजिनिअर दादाचा शब्द म्हणजे सर्टिफिकेट असतं, हे आपण विसरतो. त्यामुळे वरचं सगळं भांडण निम्मं माझ्याशीच आहे.

रविवारी सकाळी दोघांनी मिळून निळा व्हॉल्व्ह काढला, बुच काढून मूळचा रस्ता मोकळा केला, नळ्यांचे क्लॅम्प आवळले. गाडी सुरू केली. आवाज शून्य. कंदरपर्यंत जाऊन आलो, दहा वेळा पाय दाबून सोडला, एकदाही बंद पडली नाही. भाऊ जरा हिरमुसला होता.

परत निघताना मामी स्टेशनपर्यंत आली, पुन्हा मागच्याच सीटवर. उतरताना एवढंच म्हणाली, "आज गाडी गप चालली, बरं वाटलं."