आधी टेकाँग, मग कॉलेज

सिंगापूरमधल्या मराठी घरांत मुलगा सोळा-सतराचा झाला की एक सल्ला हमखास मिळतो. ‘ॲडमिशन हातात आहे, आधी डिग्री होऊ दे, सैन्याचं नंतर बघू.’ सरकार तसं करू देत नाही म्हटल्यावर पुढचा सल्ला तयारच असतो : ‘मग पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) सोडून द्या.’ सल्ला देणाऱ्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण दोन्ही सल्ले चुकीचे आहेत.

कायदा स्पष्ट आहे. नागरिक असलेल्या आणि आईवडिलांमुळे पीआर मिळालेल्या मुलाला अठरा वर्षं झाल्यावर दोन वर्षांची पूर्णवेळ राष्ट्रीय सेवा करावीच लागते. ए-लेव्हल किंवा पॉलिटेक्निकचा डिप्लोमा पूर्ण होईपर्यंत मुदत मिळते; पदवीसाठी मिळत नाही.

‘दोन वर्षं वाया जातात’ ही पहिली तक्रार. आपल्याकडे नीटसाठी, जेईईसाठी मुलगा वर्षभर ‘ड्रॉप’ घेतो, लातूरला किंवा कोट्याला खोली घेऊन राहतो. त्याला कुणी वाया गेलेलं वर्ष म्हणत नाही. तिथे तर सीट मिळेल याची खात्रीही नसते. इथे ती असते. मुलगा सेवेची सक्ती नसलेल्या मुलींबरोबरच अर्ज करतो, स्थानिक विद्यापीठं त्याची जागा राखून ठेवतात आणि सेवा संपली की तो वर्गात जाऊन बसतो. परदेशातलीही अनेक विद्यापीठं या कारणासाठी प्रवेश पुढे ढकलू देतात.

गणितावरचा हात जातो, हे मात्र खरं आहे. दोन वर्षं कॅल्क्युलस न पाहिलेल्या मुलाला इंजिनिअरिंगचं पहिलं सेमिस्टर जड जातं. त्याच्या वर्गातली मुलगी तोवर दोन वर्षं पुढे गेलेली असते, हेही खरं. सरकारी नोकरीत सुरुवातीच्या पगारात सेवेची दखल घेतली जाते. खासगी कंपन्यांनीही ती घ्यावी, असा आग्रह आपण धरायला हवा. पण हे सगळे सेवेची भरपाई कशी व्हावी याचे मुद्दे आहेत. त्यातून ‘आधी डिग्री’ हा निष्कर्ष निघत नाही.

कारण ‘आधी डिग्री’चं पुढे काय होतं, हे अमेरिकेने करून पाहिलं आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात तिथे कॉलेजात शिकणाऱ्याला सक्तीच्या भरतीतून मुदत मिळत असे. ज्याच्या घरी फीचे पैसे होते तो कॉलेजात राहिला, पदवीनंतर आणखी काही सबबी शोधत राहिला. ज्याला कॉलेज परवडत नव्हतं तो पोरगा जंगलात गेला. शेवटी 1971 मध्ये काँग्रेसने नव्या विद्यार्थ्यांसाठी ही सवलत बंद केली. सवलत कागदावर सगळ्यांना सारखी होती. तिचा फायदा मात्र ऐपतीनुसार झाला. सिंगापूरने पदवीसाठी दार उघडलं तर इथेही हेच होईल. परदेशी विद्यापीठाची फी भरू शकणारी घरं मुलाला चार वर्षांसाठी बाहेर पाठवतील, मग नोकरी, मग तिकडचा व्हिसा. आयटीईत, म्हणजे तांत्रिक शिक्षणाच्या सरकारी संस्थेत, शिकलेला टॅक्सीचालकाचा मुलगा मात्र वेळेवर रांगेत उभा राहील.

सैनिकी प्रशिक्षण जिथे सुरू होतं त्या टेकाँग बेटावरचा पहिला दिवस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सेवा पदवीआधीच का हवी हे समजावून सांगावं लागत नाही. चांगीच्या धक्क्यावरून फेरीने आईवडील मुलाबरोबर बेटावर जातात, त्याचा बंक बघतात, कुकहाउसमध्ये त्याच्या शेजारी बसून जेवतात. मुलं शपथ घेतात. आईवडील परत फेरीत बसतात आणि मुलांच्या डोक्यावरून मशीन फिरतं. त्यानंतर कोण कुठल्या शाळेतला, कुणाचं घर काँडोतलं आणि कुणाचं दोन खोल्यांच्या सरकारी (एचडीबी) फ्लॅटमधलं, हे निदान पाहून तरी कळत नाही. पदवी, पगार आणि ओळखी यांनी माणसं वेगळी होण्याआधीचं हे वय आहे. सेवा याच वयात हवी, असं मी म्हणतो ते म्हणूनच. पंचविशीतला बँकर त्या बंकमध्ये बँकर म्हणूनच शिरेल.

‘मग जलतरणपटू जोसेफ स्कूलिंगला मुदत कशी मिळाली?’ असं विचारलं जातं. मिळाली, ऑलिंपिकसाठी. त्याने 2016 मध्ये देशाला पहिलं सुवर्ण मिळवून दिलं आणि 2022 च्या जानेवारीत तो भरती झाला. 2018 मध्ये इंग्लंडमधल्या फुलहॅम क्लबशी करार केलेल्या फुटबॉलपटू बेन डेव्हिसला मात्र नकार मिळाला. त्या मुलाबद्दल मला आजही वाईट वाटतं. तरीही अपवादाचं माप देशासाठीची कामगिरी हेच असावं, स्वतःचं करिअर नसावं, ही रेघ मला योग्य वाटते.

राहिला पीआर सोडण्याचा सल्ला. सेवा न करता पीआर सोडली तर पुढे इथे शिक्षणाचा किंवा नोकरीचा परवाना मागताना ती गोष्ट विरोधात जाऊ शकते, हे सरकार आधीच सांगतं. पण मला भीतीपेक्षा न्यायाचं बोलायचं आहे. शाळेची सवलतीची फी, घर घेण्याची मुभा, इथली सुरक्षितता हे सगळं घरादाराने वर्षानुवर्षं घ्यायचं आणि मुलाची पाळी आली की त्याची पीआर सोडायची, हे त्याच मजल्यावरच्या चिनी, मलय आणि तमिळ शेजाऱ्यांच्या मुलांवर आपलं ओझं टाकणं आहे. ज्यांना मुलाने सेवा करू नये असं मनापासून वाटतं, त्यांनी पीआरच्या अर्जात त्याचं नाव घालू नये. तो निर्णय मुलगा लहान असताना, अर्ज भरताना घ्यायचा असतो. ॲडमिशनचं पत्र आल्यावर नाही.