उतरलेले कपडे, चढलेले भाव

कपडे खरेदीचा मला मनापासून कंटाळा आहे. वर्षाला दोन सदरे आणि एक विजार, तीही दुकानदार जी पुढे टाकील ती, हा माझा जुना नेम. असा मी गेल्या हिवाळ्यात एका रविवारी पुण्याच्या मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात, ताडपत्रीवर मांडलेल्या कोटांच्या ढिगापुढे उकिडवा बसलो होतो. निमित्त महाविद्यालयात शिकणाऱ्या कन्येचे. तिच्या पिढीला वापरलेले कपडे घेण्यात कमीपणा वाटत नाही. उलट त्याला 'थ्रिफ्ट' असे भारदस्त नाव लाभले आहे. मी मात्र ओळखीचे कोणी पाहत तर नाही ना, म्हणून दोनदा मागे वळून पाहिले. मूल्य आणि किंमत यांतील भेद वीस वर्षे वर्गात शिकवणाऱ्या माणसाला ही लाज का वाटावी? या प्रश्नाने त्या दिवसापासून माझी पाठ सोडलेली नाही.

वापरलेल्या वस्तूंच्या बाजाराची मीमांसा जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली एका निबंधात केली. त्यांचे उदाहरण जुन्या मोटारींचे होते. मोटारीतील दोष विकणाऱ्यास ठाऊक असतात, घेणाऱ्यास नसतात. म्हणून घेणारा सर्वच मोटारींना कमी भाव देतो आणि चांगल्या मोटारींचे मालक बाजारातून अंग काढून घेतात. २००१ साली अकरलॉफ नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. कपड्यांना मात्र हा सिद्धांत तंतोतंत लागू पडत नाही. सदरा उजेडाकडे धरला की विरलेली जागा दिसते. कॉलरची कड, काखेतील शिवण आणि कोपर पाहिले की त्याचे उरलेले आयुष्य कळते. त्या दिवशी तर विकणाऱ्या बाईंनीच एका कोटाचे अस्तर उलटून उसवण दाखवली आणि म्हणाल्या, "साहेब, आत्ताच बघून घ्या, मागनं बोलू नका." दोष असा उघड असूनही जुन्या कपड्याचा भाव झिजेच्या मानाने फार अधिक कोसळतो. कारण न दिसणारी गोष्ट एकच उरते : हा कपडा पूर्वी कोणाच्या अंगावर होता?

ही शंका आपल्या समाजात निरागस नाही. थोरल्याचा सदरा धाकट्याच्या अंगात जाई, आजीच्या मऊ जुनेराची बाळाला दुपटी होत, उरलेल्या लुगड्यांची गोधडी शिवली जाई. त्यात माया होती, लाज नव्हती. पण तेच जुनेर उंबरठ्याबाहेर गेले की त्याचा अर्थ पालटत असे. चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रे वापरावीत, असा दंडक मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात आहे. गावगाड्यात उतरलेला कपडा देणे हे बहुधा औदार्य नसे; घेणाऱ्याला त्याची पायरी दाखवून देण्याची ती रीत होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी पद्धत टाकून देण्यास सांगितले, ते वस्त्रातून बोलणारी ही उतरंड ओळखूनच. ज्यांच्या वाडवडिलांवर जुने कपडे लादले गेले, त्यांनी आज हौसेने कोरे कपडे घेतले तर त्यांना काटकसरीचे धडे देण्याचा अधिकार आम्हा पांढरपेशांना नाही. आपखुशीने जुने घेणे ही ज्याला नवे परवडते त्याचीच चैन आहे.

या लाजेचा भार आजवर वाहिला तो बोहारणीने. दुपारच्या वेळी दारात येऊन स्टीलच्या पातेल्याच्या बदल्यात जुने कपडे नेणारी ही बाई आपण सर्वांनी पाहिली आहे. मुंबईत या धंद्यातील अनेक स्त्रिया मूळच्या गुजरातमधील देवीपूजक समाजाच्या. आपण तिच्याशी एका डब्याच्या झाकणावरून घासाघीस करतो आणि जिंकल्याचा आनंद मानतो. पुढे कपड्यांची निवड, धुणे, तुटलेली बटणे लावणे, इस्त्री करणे आणि गाठोडे डोक्यावरून बाजारात नेणे, एवढे श्रम झाल्यावर तो कपडा पुन्हा कपडा होतो.

जुन्या बाजारात दीडशे रुपये सांगितलेल्या जाकिटासारखेच एक जाकीट कन्येने मला मोबाइलवर दाखवले. किंमत आठशे, विशेषण 'विंटेज'. छायाचित्र, नीटनेटके पुडके आणि घरपोच सेवा यांचे मोल वजा केले तरी उरलेला फरक मोठा आहे. माझ्या मते ती लाज दूर करण्याची किंमत आहे. विकणाऱ्या तरुण मुलींचा यात दोष नाही. तेही कष्टाचेच काम आहे. परंतु लाज होती तेव्हा तिचा तोटा बोहारणीने सोसला, आणि ती सरल्यावर नफा मात्र दुसऱ्याच्या पदरात पडतो, हा हिशेब न्याय्य नाही. जुना कपडा घेतला म्हणजे पर्यावरण राखले, हे समाधानही तपासून घ्यावे. एका नव्याऐवजी एक जुना घेतला तर ती बचत. स्वस्त म्हणून चार घेतले तर तीही उधळपट्टीच. आमच्या कन्येने तीन घेतले.

यावर उपाय अगदीच हाताबाहेरचा नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याच्या अनुसूचीत पन्नास वर्षांहून अधिक काळ चालत आलेले नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून घोषित करावेत आणि तेथील विक्रेत्यांना हलवू नये, असे म्हटले आहे. जुन्या कपड्यांच्या बाजारांना हे कलम लावून तेथे पाणी, सावली आणि स्वच्छतागृह देणे नगरपालिकांना अशक्य नाही. आणि आपल्या हाती आहे ते एवढेच, की दारात आलेल्या बाईला याचक न समजता व्यापारी समजावे.

तो उसवलेल्या अस्तराचा कोट मी घेतला. भाव केला नाही. दुसऱ्या दिवशी शिक्षककक्षात एका सहकाऱ्यांनी कोटाची तारीफ करून तो कुठे घेतला असे विचारले. उत्तर देण्यापूर्वी मी क्षणभर अडखळलो, हे कबूल केले पाहिजे. मग म्हणालो, जुन्या बाजारात.